झाकणाचं अंडं: शिकारी ढेकण्याची अंडी वाढवताना

सोयाबीनच्या कीड नियंत्रणाचं कुठलंही पत्रक उघडा, त्यात एक ओळ हमखास असते: अंडीपुंज व अळ्यांचे पुंजके दिसताच पानासकट तोडून नष्ट करावेत. सल्ला योग्यच आहे. तंबाखूवरची पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा, एकेका पुंजक्यात शेकडो अंडी घालते, आणि वेळेवर तोडलेल्या एका पानाने पुढची फवारणी टळू शकते. पण कोणाचे अंडीपुंज, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं. शेतात अळीच्या पतंगासोबत अळी खाणारेही अंडी घालत असतात, बरेचदा त्याच झाडावर. निंदणाऱ्या बाईने पान उलटवलं, खाली दाण्यांची रांग दिसली, की ती पान तोडते. तिला कोणी शिकवलेलंच नाही की यातली एक रांग आपल्या कामाची आहे.

हे मला खटकत होतं, म्हणून मी एका शिकारी ढेकण्याची अंडी घरी वाढवली, उघडून पाहिली आणि त्यातून काय निघतं ते शेवटपर्यंत बघितलं. त्याची ही हकीकत.

मी नागपुरात शाळेत जीवशास्त्र शिकवते. भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची, शेती कळमेश्वरकडे आहे: सोयाबीन, तूर, थोडा कापूस आणि कडेला संत्र्याची जुनी झाडं. पोळ्याच्या आसपास सोयाबीन शेंगेवर येतं आणि अळीही जोरात असते. अशाच वेळी एका पानाखाली मला तो दिसला. तपकिरी, जेमतेम दीड सेंटिमीटरचा, दोन्ही खांद्यांवर बाहेर आलेले काटे, आणि सोंडेच्या टोकाला लटकलेली त्याच्यापेक्षा लांब अळी. अळी अजून वळवळत होती. तो जागचा हलत नव्हता, फक्त सोंड सरळ पुढे ताणून तिला अधांतरी धरून होता.

आपल्याकडे ढेकण्या म्हटलं की पिकाचा रस शोषणारे डोळ्यांपुढे येतात. कपाशीवरचा लाल ढेकण्या, तुरीच्या शेंगांवरचा हिरवा ढेकण्या. हा हिरव्याच्याच कुळातला, पेंटाटोमिडी कुळातला, पण त्यातल्या अ‍ॅसोपिनी या उपकुळातला. हे उपकुळ दुसऱ्या कीटकांवर, मुख्यतः अळ्यांवर जगतं. ओळखायचं सोंडेवरून. रस शोषणाऱ्याची सोंड बारीक आणि पोटाशी दुमडलेली. याची जाड, पहिला सांधा मोकळा, त्यामुळे ती सरळ पुढे उचलता येते. आमच्या पानावरचा होता इओकँथिकोना फर्सेलाटा. भारतापासून जपानपर्यंत आढळणारी ही जात. खांद्यावरच्या काट्याचं टोक दुभंगलेलं असतं, ते भिंगातून स्पष्ट दिसतं.

नर-मादी दोन्ही मिळाले. डबी बंद करताना आमचे सालदार काका जवळ येऊन उभे राहिले. "काहून हो बाई, हे ढेकणं घरी नेऊन राह्यल्या का?" मी त्यांना अळी दाखवली, तोवर ती रिकाम्या पिशवीसारखी झाली होती. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे हा आपला माणूस हाये." त्या दिवसापासून पानाखाली काटेवाला दिसला की ते मला फोन करतात.

घरची व्यवस्था साधी ठेवली. इतवारीतून आणलेल्या रुंद तोंडाच्या प्लास्टिक बरण्या, तोंडाला मलमल आणि रबर, तळाला टिपकागद, ओल्या कापसाचा बोळा, आणि सोयाबीनची देठासकट डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत. खायला त्याच शेतातल्या अळ्या. बरणी कोरडी ठेवणं ही खरी मेहनत. ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूरची हवा दमट असते, अळ्यांची विष्ठा ओली राहते, एका रात्रीत बुरशी धरते. टिपकागद रोज बदलायचा, मेलेली अळी लगेच काढायची. ढेकण्यांना उपाशी ठेवायचं नाही, कारण भूक लागली की हे आपल्याच जातीवर उठतात. म्हणूनच अंडी दिसताच ती आई-बापांपासून वेगळ्या बरणीत न्यावी लागतात.

मीलन शेपटीला शेपटी लावून, तोंडं विरुद्ध दिशांना करून होतं आणि तासन्तास चालतं. त्या अवस्थेतही मादी समोर आलेली अळी सोडत नाही, नराला मागे ओढत नेऊन खाते. इतकं खाण्याचं कारण तिच्या पोटात आहे. या कुळातल्या मादीच्या प्रत्येक अंडाशयात साधारण सात नळ्या असतात, दोन्ही मिळून चौदा. प्रत्येक नळीत अंडी एकामागे एक तयार होतात, बलक भरला जातो, आणि मग नळीच्या आतल्या पेशी अंड्याभोवती कवच विणतात. अंडं बाहेर पडण्याआधी त्याचं झाकण, झाकणाची कड, हवेच्या नळ्या, सगळं तयार असतं. बाहेर आल्यावर आई फक्त ते चिकटवते. काही जातींमध्ये चौदाचा हिशेब पुंजक्यातही दिसतो. संत्रं, सफरचंदावर येणारा तपकिरी डागांचा ढेकण्या, हॅलिओमॉर्फा हॅलिस, बहुधा अठ्ठावीस अंड्यांचा पुंजका घालतो. आमच्या शिकाऱ्याचे पुंजके मात्र लहान-मोठे येत होते. ती किती आणि काय खाऊ शकली त्यावर ते ठरतं.

अंडी घालताना मी तिला एकदा सुरुवातीपासून पाहिलं. संध्याकाळची वेळ, बरणी टेबलावर, दिवा बाजूला. ती मलमलीच्या कडेला उलटी लटकली, पोटाचं टोक कापडाला टेकवलं आणि थोडा वेळ तशीच स्थिर. मग एक फिकट, ओलसर दाणा हळूहळू बाहेर आला, तळ आधी चिकटला, झाकण शेवटी सुटलं. पोट किंचित सरकवून तिने पुढचा दाणा शेजारी ठेवला. पहिली ओळ झाली की दुसऱ्या ओळीतला दाणा पहिल्या ओळीतल्या दोन दाण्यांच्या फटीत. त्यामुळे जागा वाया जात नाही आणि पुंजका एकसंध चिकटून राहतो. मागे वळून बघायची तिला गरज नव्हती. आधीच्या अंड्याला पोटाचं टोक लागलं की नेम बसत होता. मी स्वयंपाक तसाच ठेवून शेवटच्या दाण्यापर्यंत बसले. घरच्यांनी त्या दिवशी खिचडीवर भागवलं.

दुसऱ्या दिवशी कापडाचा तो तुकडा कापून मैत्रिणीकडे नेला. ती महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्याकडच्या भिंगाखाली तुकडा ठेवला आणि आम्ही दोघी आळीपाळीने बघत राहिलो.

अंडं उंचीला सुमारे एक मिलिमीटर. रांगेत उभे केलेले रांजण असावेत तशी ती दिसतात: तळ गोलसर, पोट फुगीर, वर जरासं आवळलेलं तोंड आणि तोंडावर गोल, किंचित उंचावलेलं झाकण. झाकणाच्या कडेने एक बारीक रेघ गोल फिरते. ही कवचाची मुद्दाम कच्ची ठेवलेली जागा, पुढे अंडं याच रेघेवर उघडतं. आणि या रेघेच्या बाहेरून, अंड्याच्या काठावर, केसांसारख्या बारीक पोकळ नळ्यांचं कडं असतं. नळ्या बाहेरच्या बाजूला वाकलेल्या, टोकाशी किंचित फुगलेल्या. सगळ्या अंड्यांवर त्यांची संख्या सारखी नव्हती, शेजारशेजारच्या दोन अंड्यांतही एक-दोनचा फरक होता.

या नळ्या दोन कामं करतात. अंडं आईच्या पोटात असताना शुक्रपेशी यांच्यातल्या सूक्ष्म वाटांनी आत जातात. कवच आधी तयार होतं आणि फलन नंतर, मग आत जायला वाट हवीच. अंडं घातल्यावर त्याच नळ्या श्वासाच्या कामी येतात. कवचात जाळीदार थर असतो, त्यात हवा साठलेली असते. आतल्या भ्रूणाला प्राणवायू मिळतो, आणि पाणी मात्र भसाभस उडून जात नाही. पावसाचा थेंब पुंजक्यावर बसला तरी नळ्यांची टोकं वर राहतात. एवढ्याशा अंड्याला आपल्या विदर्भातली पावसाळी झोड आणि मधल्या उघडिपीतलं कडक ऊन दोन्ही सोसायचं असतं, हे डोक्यात ठेवून बघितलं की प्रत्येक भागाचा अर्थ लागतो.

हिरव्या ढेकण्याच्या, नेझाराच्या, अंड्यालाही झाकण असतं आणि नळ्याही असतात. पण त्या आखूड, मण्यांसारख्या. शिकारी उपकुळात त्या ठळकपणे लांब. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ साउथवूड यांनी १९५६ साली जमिनीवरच्या ढेकण्यांच्या अंड्यांची रचना तपासून ती वर्गीकरणाला कशी उपयोगी पडते हे मांडलं होतं. प्रौढ कीटक न बघता केवळ अंड्यावरून कूळ ओळखता येतं. माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं की पत्रकातल्या त्या ओळीला उत्तर इथे आहे, या नळ्यांमध्ये.

आतलं बघायचं तर काही अंडी उघडावी लागणार होती. मोठ्या पुंजक्यातली थोडी बाजूला काढली आणि बाकीची सुखरूप वाढू दिली. मिठाच्या पातळ पाण्यात अंडं ठेवायचं, बारीक सुईने झाकणाची रेघ उकलायची आणि आतला ऐवज हलकेच बाहेर येऊ द्यायचा. हात थरथरला की सगळा बलक पसरतो.

पहिल्या दिवसांत आत बलकाशिवाय काही दिसत नाही. दाट, कणीदार. पण त्या काळात बलकाच्या पृष्ठभागावर पेशींचा थर तयार झालेला असतो आणि त्यातून भ्रूणपट्टी बनत असते. पुढे जे घडतं ते मी पुस्तकात वाचलं होतं, शिकवलंही होतं, आणि तरी डोळ्यांनी बघताना छाती भरून आली. भ्रूणपट्टी अंड्याच्या तळाकडून बलकात शिरते, शेपटीचा भाग आधी. ती आत सरकत जाते तशी शेपटी झाकणाकडे येते आणि डोकं तळाकडे राहतं. म्हणजे निम्मा काळ पिल्लू अंड्यात उलटं, बलकात बुडालेलं असतं. तिथे त्याचे खंड पडतात, पायांचे कोंब फुटतात, सोंडेचे भाग वेगळे होतात.

आणि मग ते उलटतं. भ्रूणाभोवतीची दोन आवरणं एके ठिकाणी जुळून फाटतात, बाहेरचं आवरण आकसतं आणि त्या ओढीने अख्खा भ्रूण बलकातून बाहेर येऊन फिरतो. डोकं झाकणाखाली, पाठ बाहेर, पाय पोटाशी. कीटकशास्त्रात याला कॅटाट्रेप्सिस म्हणतात. हे फिरणं चुकलं तर पिल्लू जन्मत नाही. ओंकोपेल्टस नावाच्या ढेकण्यावर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात हे फार स्पष्ट दिसलं: झेन नावाचं जनुक निकामी केलं की बाहेरचं आवरण आपलं काम करत नाही आणि भ्रूण बलकातच अडकून राहतो. मी ज्या अंड्यात डोकं खाली पाहिलं होतं, त्याच्याच पुंजक्यातल्या नंतर उघडलेल्या अंड्यात डोकं झाकणाला टेकलेलं होतं. मधली हालचाल मला दिसली नाही, ती बंद कवचात झाली. पण आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवल्यावर शंका उरत नाही.

फिरल्यानंतरची वाढ वेगाने होते. आधी डोळ्यांचे दोन लाल ठिपके. मग शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, आणि पाय पोटाशी घडी घालून मांडलेले, सोंड मधोमध सरळ खाली. उरलेला बलक भ्रूणाच्या पोटात बंद होतो, तीच त्याची शिदोरी. बाहेरून पाहिलं तर घातल्यावेळची फिकट अंडी आता गडद झालेली आणि झाकणाखाली लालसर छटा. आमच्याकडे साधारण आठवड्याच्या आत-बाहेर ही अवस्था आली. थंडीत हाच काळ लांबतो. शरीराची उष्णता बाहेरच्या हवेवर अवलंबून असलेल्या जिवाचं घड्याळही हवेच्याच हाती.

डोळ्यांच्या मध्ये, डोक्यावर, एक काळा कडक भाग दिसतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. हा अंडफोडा. तो पिल्लाच्या स्वतःच्या कातडीवर नसतो, तर जन्मताना टाकून द्यायच्या पातळ भ्रूणकातीवर असतो. अंडं फुटायच्या वेळी पिल्लू शरीरातलं द्रव डोक्याकडे ढकलतं, डोकं फुगतं, ओसरतं, परत फुगतं, आणि अंडफोडा झाकणाच्या कडेवर आतून दाबला जातो. कच्ची रेघ उकलते.

ते मी सकाळी शाळेत निघण्याआधी पाहिलं. आदल्या दिवशी मारबतीची मिरवणूक झाली होती, शहरभर "घेऊन जा गे मारबत"चा गजर होता, आणि रात्री पुंजका तसाच शांत होता. पहाटे एका अंड्याचं झाकण एका बाजूने उचललेलं दिसलं. मोबाइलला लावायचं भिंग लावून बसले. झाकण बिजागरीसारखं एका ठिकाणी अडकलेलं, खालून लाल-केशरी फुगवटा वर येत होता. दर फुगण्यासरशी थोडा अधिक. पाय अजून कातीत बांधलेले, त्यामुळे हाताने धरून चढण्याचा प्रश्नच नाही, सगळं काम अंग फुगवण्या-आकसण्याने. अर्ध्याहून अधिक बाहेर आल्यावर कात फाटली, पाय एकेक सुटले आणि त्याने शेजारच्या अंड्याच्या काठाला धरलं. रंग सुरुवातीला फिकट केशरी, मग डोकं आणि छाती काळी पडत गेली, पोट लालच राहिलं. रिकाम्या अंड्याच्या तोंडाशी ती पांढरी कात आणि त्यावरचा काळा अंडफोडा अडकून राहिला. एक सुरू झाल्यावर पुंजक्यातली बाकीचीही लागोपाठ उघडली. मी शाळेत उशिरा पोहोचले आणि नववीच्या वर्गाला तेच चित्रण दाखवलं.

निघालेली पिल्लं कुठेही पळाली नाहीत. रिकाम्या कवचांवरच दाटीने बसून राहिली. या पहिल्या अवस्थेत ती शिकार करत नाहीत. आत भरून आलेला बलक आणि ओल्या कापसाचं किंवा पानाचं पाणी एवढ्यावर भागतं. बरणीत पाणी मात्र हवंच, कोरड्या बरणीत ती टिकत नाहीत. पहिली कात टाकली की चित्र बदलतं. दुसऱ्या अवस्थेतली चार-पाच पिल्लं मिळून स्वतःच्या कितीतरी पट मोठ्या अळीला घेरतात, एकेक सोंड खुपसतात. प्रौढ होईपर्यंत अशा पाच अवस्था.

सगळ्या पुंजक्यांचं असं झालं नाही. शेतातून तोडून आणलेल्या एका पानावरची अंडी आठवडा उलटला तरी बंदच होती. रंग काळपट, पण झाकणाखाली लाली नाही. मी ती तशीच ठेवली. बऱ्याच दिवसांनी बरणीत मिलिमीटरभर लांबीच्या काळ्या माश्या दिसल्या. अंड्यांवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांच्या गटातल्या, टेलेनोमस आणि ट्रिसोल्कसच्या जातकुळीतल्या. यांची मादी ढेकण्याचं ताजं अंडं शोधते, शृंगिकांनी थोपटून तपासते, आपलं अंडं त्यात घालते आणि वरून खूण करते, म्हणजे दुसरीने तिथे घालू नये. आतली माशी ढेकण्याचा बलक खाऊन वाढते. नर आधी बाहेर येतात आणि मादी निघेपर्यंत पुंजक्यावर थांबून राहतात. अमेरिकेतल्या टेलेनोमस कॅल्व्हस या जातीची मादी तर शिकारी ढेकण्याच्या मादीच्या अंगावरच बसून फिरते, तिने अंडी घातली की ही तिथे हजर.

रिकामी अंडी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा फरक लख्ख होता. पिल्लू निघालेल्या अंड्याचं झाकण रेघेवर साफ उकललेलं, तोंडाशी अंडफोडा. माशी निघालेल्या अंड्याला कुरतडलेलं, खडबडीत कडांचं भोक, अंडफोडा नाहीच. शेतात जुना, रिकामा पुंजका सापडला तरी तो वाचता येतो: इथून शिकारी निघाले की त्यांचे शत्रू. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण मित्रकीटक सोडले की कामच झालं अशी समजूत असते. सोडलेल्यातले किती अंड्यातच संपले, हे कवचं सांगतात.

अंड्यांच्या गडद-फिकट रंगाचं कोडंही मला बराच वेळ पुरलं. याच उपकुळातल्या पोडिसस मॅक्युलिव्हेंट्रिस या उत्तर अमेरिकी जातीबद्दल मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पॉल अब्राम आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिलं की मादी पृष्ठभागाच्या उजेडानुसार अंड्यांचा रंग बदलते. पानाच्या वरच्या बाजूला गडद, खालच्या बाजूला फिकट. गडद रंग अतिनील किरणांपासून भ्रूणाला राखतो, आणि तो रंग मेलॅनिनही नाही. हे वाचल्यापासून मी पुंजका पानाच्या कोणत्या बाजूला आहे ते नोंदवते. आमच्या शेतात बहुतेक खालच्या बाजूला मिळाले.

आता दुसरी बाजू, कारण ती सोडली तर लेखन अपुरं राहील. भंडाऱ्याकडे मैत्रिणीच्या माहेरी टसरचं काम चालतं, आपल्याकडे कोसा म्हणतात ते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर अळ्या वाढवतात. तिथल्या एका आजोबांना मी मोबाइलमधलं चित्र दाखवलं, खांद्यावर काटे असलेला. त्यांनी क्षणात ओळखलं आणि चेहरा बदलला. हाच शिकारी टसरच्या कोवळ्या अळ्यांना सोंड लावतो, लहान अवस्थेतल्या अळ्यांचं नुकसान सर्वांत जास्त. म्हणून अळ्या लहान असताना त्यांच्यावर जाळी घालतात आणि झाडावर हे दिसले की वेचून मारतात. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, घालायचं कारणही नव्हतं. त्यांच्या झाडावर तो शत्रूच आहे. उलट त्यांनाच मी अंड्याची ओळख करून दिली. ते प्रौढ वेचत होते, अंड्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पुंजका फुटायच्या आधी पान तोडलं तर वेचायचं काम एकदम हलकं होतं. सोयाबीनमध्ये जे पान राखायचं, तेच ऐनावर तोडायचं. ओळख एकच, निर्णय पिकानुसार.

नागपुरात परतताना गोरेवाड्याच्या बाजूला रस्त्यालगतच्या सागांखाली थांबले होते. पावसाळ्याच्या शेवटी सागाच्या पानांची जाळी करणारी अळी तिथे दिसतेच, आणि हा ढेकण्या त्या अळीचाही शिकारी आहे. पिकं निघून गेल्यावर तो कुठे तगून राहतो याचं उत्तर मला अशा झाडांकडे शोधायचं आहे.

भाऊजींच्या शेतावर येणाऱ्या बायांना मी आता भिंग घेऊन शिकवते. दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग पुरतं. भुऱ्या केसांनी झाकलेला, बोट फिरवलं की कापसासारखा लागणारा पुंजका स्पोडोप्टेराचा, तो तोडा. झाकण असलेली, पिवळसर, दाट बसवलेली आणि काठाला फक्त बारके मणी असलेली अंडी हिरव्या ढेकण्याची, तीही तोडा. झाकण आहे आणि काठावर लांब, बाहेर वाकलेल्या केसांचं कडं आहे, ते पान सोडा. बारीक देठावर एकेकटं उभं असलेलं पांढरं अंडं क्रायसोपा या मित्रकीटकाचं, तेही सोडा. पहिल्यांदा भिंग धरताना बाया लाजतात, मग एकीला कडं दिसलं की बाकीच्यांना धीर राहत नाही. त्यातल्या एका मावशीने मला विचारलं, "फवारा मारला त वाचतीन का हे?" कवच बऱ्यापैकी राखतं, पण निघालेलं पिल्लू त्याच कवचावर आणि त्याच पानावर दिवसभर बसून असतं, औषध बसलेल्या पानावर. म्हणून फवारणी करायचीच झाली तर ज्या तासांत, म्हणजे पिकाच्या ओळींत, असे पुंजके जास्त दिसले, ते तास वगळायला भाऊजींनी यंदा होकार दिला आहे. कडेच्या तुरीच्या ओळींवर सालदार काकांनी लाल फडक्यांच्या खुणा बांधल्या आहेत. आठवड्याला मी जाते आणि प्रत्येक खुणेच्या पानावर झाकणं उकललेली आहेत की कुरतडलेली, ते वहीत लिहून घेते.